घटका भरली, हे कळतं कसं?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण आज बोलणार आहोत भांड्यातल्या पाण्याबद्दल. सोलापुरात हा विषय कुणाला परका नाही. इथं नळ रोज येत नाही, आणि उन्हाळ्यात उजनी ‘वजा’ किती टक्क्यांवर गेली ही घराघरातली चर्चा असते. पाणी वजा कसं असेल, असं आम्हाला आमच्या नातीनं विचारलं होतं. शून्य कुठं मांडायचं हे माणूस ठरवतो. मृतसाठ्याच्या रेषेवर शून्य मांडलं, की त्याखालचं खरंखुरं पाणी कागदावर वजा होतं.

आमच्या लहानपणी नळाखाली कळशी लावून आई आत भाकरी थापत बसायची आणि कळशी गळ्याशी आली की बरोबर उठायची. बघायची नाही, ऐकायची. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि आवाज बारीक, उंच होत जातो. जलतरंगात मात्र उलटं. तिथं वाडग्यावर काठी मारायची, आणि पाणी जितकं जास्त तितका सूर खाली. दोन्हीकडे कान पाणीच मोजतो, फक्त एकदा हवा बोलते आणि एकदा भांडं. पिंपावर बोटानं टकटक करत खाली गेलं, की पोकळ आवाज एकदम बद्द होतो. तिथवर पाणी. व्हिएन्नाचे डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ साली रुग्णाच्या छातीवर बोटं वाजवून आतलं पाणी ओळखण्याची रीत छापली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. वडील दारूची पिंपं वाजवून बघत, त्यावरून त्यांना हे सुचलं असं सांगतात.

पण आमच्या मनाचा विषय घटिकापात्र. सोलापूर पंचांगाचं गाव, दाते पंचांग इथलंच. तेव्हा घटी-पळं तुम्हाला सांगायला नकोत. साठ घटकांचा अहोरात्र, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक भोक, ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. पाणी खालून आत चढतं, वाटी भरते आणि बुडते. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग आपण आज मरणासाठी वापरतो, तो मुळात या वाटीचा आहे. ‘घटकाभर बसा’ म्हणणारा पाहुण्याला चोवीस मिनिटं देतो, हे त्याच्या ध्यानात नसतं, एवढंच.

ही वाटी किती मोठी हवी? जुन्या ग्रंथकारांनी माप घालून दिलं होतं : दहा पळं तांबं, सहा अंगुळं उंची, आणि भोक पाडायला ठरावीक वजनाच्या सोन्याची चार अंगुळं लांब तार. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हे सगळं बाजूला सारलं. अशी वाटी घडवणं अवघड आणि त्यामागे युक्तीही नाही, असं त्यांचं म्हणणं. तांब्याची कुठलीही वाटी घ्या, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा आणि साठाला त्या संख्येनं भागा. बहात्तर वेळा बुडाली, तर एक बुडी वीस मिनिटांची. संपलं! तेव्हा त्यांचं वय छत्तीस. परंपरेनं दिलेलं माप आंधळेपणानं घडवण्यापेक्षा हातातल्या वाटीला सूर्याशी ताडून पाहणं, ही आमच्या मते ज्ञानमीमांसेतली फार मोठी उडी आहे, आणि ती एका ओळीत उरकलेली आहे. आम्ही वर्गात युरोपीय अनुभववाद वर्षानुवर्षं शिकवला; हे उदाहरण निवृत्तीनंतर वाचलं, याची खंत वाटते.

लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. वाटीत मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या आज्ञेनं फैजीनं १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत येते. इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण सांगणाऱ्याला यंत्राची दुखरी जागा नेमकी सापडली होती. भोक बुजलेली वाटी शांतपणे तरंगत राहते, आणि ‘अजून वेळ आहे’ हेच सांगते.

आता वासुदेवाचा पेला. पितळी पेल्यात टोपलीतला कृष्ण घेतलेला वासुदेव. पाणी कृष्णाच्या पायाला लागलं, की यमुना ओसरते. पेला तळापर्यंत रिकामा होतो. मूर्तीत वाकडी नळी दडवलेली असते. एक तोंड पेल्याच्या तळाशी, दुसरं बुडाखाली, आणि वाकण बाळाच्या पायाच्या उंचीवर. पाणी वाकण ओलांडतं आणि मागचं सगळं ओढून नेतं. ग्रीक लोक असाच पेला पायथागोरसच्या नावावर सांगतात. आम्ही विद्यार्थ्यांना विचारायचो, पाणी पायाला लागलं हे ‘कळलं’ कुणाला? नैयायिक म्हणेल, ज्ञान हा आत्म्याचा गुण, पितळेचा नव्हे. एक मुलगा म्हणाला होता, “सर, मग आईला कळशी भरलेली कळते ती कानानं की आत्म्यानं?” त्याला आम्ही पाऊण तास उत्तर दिलं. पटलं नाही त्याला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरच्या टाकीत तारांचा सेन्सर बसवला. पाणी तारांना टेकलं की मोटर बंद. बोअरचं पाणी क्षाराचं. तारांवर पांढरं पुट चढलं आणि टाकी भरल्याचं यंत्राला कळेनासं झालं. रात्रभर पाणी गच्चीवरून वाहिलं, तेही मे महिन्यात. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू जे बोलल्या ते इथं सांगत नाही. आता आमची नजर अधू झाली आहे, काचबिंदू आहे. जिना चढून टाकीवर बोट वाजवतो. चहा ओततानाही आवाजच ऐकतो. परवा आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, “किती आहे हो?” आम्ही म्हणालो, “अर्ध्याच्या जरा वर.” त्यांनी झाकण काढून बघितलं.