रंग वाळला असं कधी म्हणायचं?

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गाडीच्या नव्या रंगाची काळजी, आणि तीही इतिहासाच्या व्याख्यानात! पण हा विषय आम्हाला आमच्याच गाडीच्या बॉनेटवर सापडला. झालं असं, की दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी डेंटिंग-पेंटिंगहून घरी आली. बॉनेट आणि डावा दरवाजा नवा रंगवलेला. पेंटरने किल्ली देताना बजावलं होतं, "महिनाभर याला काही लावू नका, झाकू पण नका." आम्ही बोट लावून बघितलं, रंग खडखडीत वाळलेला. मग काय, दसऱ्याला झेंडूचा हार चिकटपट्टीने लावला, बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि संध्याकाळी पावसाची सर आली म्हणून ओल्या गाडीवरच कव्हर ओढलं. दोन दिवसांनी कव्हर काढलं तर बॉनेटवर कापडाच्या विणीचा ठसा, आणि मधोमध फिकट पिवळं स्वस्तिक. ते अजून आहे.

चूक उघड आमचीच. पण आम्हाला प्रश्न पडला तो वेगळा. हाताला वाळलेला रंग आतून वाळलेला नसतो, हे पेंटरला माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं, असं का? त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो.

अगदी सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच. त्यांना रंगही बग्गीचाच असे, म्हणजे जवसाच्या तेलातला रंग आणि त्यावर तेलाचं व्हार्निश. सगळं ब्रशने. एक थर लावायचा, तो वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या पुडीने घासून गुळगुळीत करायचा, की पुढचा थर. असे थरावर थर. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. त्याला घाई चालत नाही. एक गाडी रंगवून बाहेर पडायला आठवडे लागत. आणि बाहेर पडली तरी मालकाला सूचनांची यादी मिळे. नवं व्हार्निश स्वच्छ थंड पाण्याने वरचेवर धुवा, गरम पाणी वापरू नका, चिखल अंगावर वाळू देऊ नका, मऊ कातड्याने टिपून घ्या. आणि एक सूचना आम्हाला फार आवडली: गाडी तबेल्याला लागून ठेवू नका. कारण घोड्याच्या लिदी-मुतातून अमोनिया सुटतो आणि व्हार्निश खराब होतं. आज आपण कबुतरांच्या नावाने बोटं मोडतो. त्या काळी ज्याच्या जिवावर गाडी चालायची, तोच तिच्या रंगाचा शत्रू होता!

म्हणजे बघा, नव्या रंगाला जपायचं असतं आणि वाट पाहायची असते, हे तेव्हा मालकाला, सईसाला, रंगाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. हे ज्ञान मग गेलं कुठे?

ते कारखान्याच्या दारात हरवलं. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकता जुळणी-पट्टा सुरू झाला. गाडी काही तासांत जुळून तयार व्हायला लागली, आणि रंग मात्र आठवडे मागे. पुढच्याच वर्षापासून मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळू लागली. तो काळा रंग डांबराच्या जातीच्या खनिजापासून बनलेला, स्वस्त आणि चिवट. त्याचा मोठा गुण म्हणजे मडगार्डसारखे पत्र्याचे भाग रंगवून थेट भट्टीत भाजता येत. लाकडी सांगाड्याची बॉडी मात्र कडक भट्टीत घालता येत नसे. आणि ज्यांना निळ्या-तांबड्या गाड्या विकायच्या होत्या, त्यांची पंचाईत तर होतीच. रोज शेकडो गाड्या बनवायच्या आणि त्या छपराखाली दोन-दोन, चार-चार आठवडे वाळत उभ्या ठेवायच्या, म्हणजे जागा किती लागेल, पैसा किती अडकेल, हिशोब करा. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांना हेच गणित खटकत होतं.

उत्तर आलं ते दारूगोळ्याच्या कोठारातून. १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची क्रिया करून स्फोटक पदार्थ बनवला होता, नायट्रोसेल्युलोज. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने तो डोंगरासारखा बनवला, आणि युद्ध संपलं. आता या कारखान्यांचं काय करायचं? हाच पदार्थ थोडा वेगळा करून द्रावकात विरघळवला, की त्याचा रंग होतो. त्याचं नाव ड्यूको. १९२४ सालच्या ओकलंड गाड्या या निळ्या रंगात बाजारात आल्या. ड्यूपाँची जनरल मोटर्समध्ये मोठी भागीदारी होती, त्यामुळे दोन्ही घरांचा प्रश्न एकदमच सुटला. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

या जातीच्या रंगाला लॅकर म्हणतात. हा शब्द आपल्याच घरचा. संस्कृत लाक्षा, आपली लाख, तीच फिरून युरोपात जाऊन लॅकर झाली. ड्यूकोमध्ये लाख औषधालाही नव्हती. पण पेट घेण्याची खोड पाहिली तर लाक्षागृहाची आठवण यावी इतकी होती.

आता लॅकर वाळतो म्हणजे काय होतं, हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लॅकरमध्ये कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. थिनर उडून जातो, रंग मागे राहतो, झालं. पुन्हा थिनर लावला की तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे दुरुस्ती सोपी. पण बंदुकीतून उडालेल्या लॅकरला अंगची चमक फारशी नसे, ती घासून आणावी लागे, आणि उन्हाने वर भुकटी धरली की पुन्हा घासावी लागे. इथून रबिंग कंपाउंड आणि मेणाचं युग सुरू झालं. अमेरिकेत सिमोनाइझ नावाचं पॉलिश इतकं घरोघरी गेलं, की त्या नावाचं क्रियापद झालं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नाउबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं मेण जगभरच्या गाड्यांवर चढलं.

आपल्याकडे हे युग फार उशिरापर्यंत चाललं. गॅरेजमध्ये आजही एन.सी. म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते एन.सी. म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज. पावसाळ्यात त्याचा एक त्रास असे. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका, धुरकट होतो. म्हणून कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात पेंटर काम पुढे ढकलत. कुर्ल्याला बनलेली फियाट, पुढे पद्मिनी, ज्यांच्या दारात होती त्यांना रविवारची सकाळ आठवत असेल. बनियनवर उभे राहून वडील बॉनेट घासताहेत आणि फडक्याला गाडीचाच रंग लागलाय. तो रंग फडक्यावर दिसला की समाधान वाटे, मळ निघाला म्हणून. प्रत्यक्षात निघत होता तो रंग. पण थर जाड असे, चालून जाई.

या सवयीनेच पुढे घात केला.

मधला काळ आम्ही झपाट्याने ओलांडतो. १९२०-३० च्या दशकांत अल्किड रेझिनची एनॅमल आली, १९५० च्या दशकात अ‍ॅक्रिलिक लॅकर आले, १९७० च्या दशकात विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवायचा गंजरोधक प्रायमर सर्वत्र झाला. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे १९६६ मध्ये तिथे द्रावकांवर निर्बंध आले, आणि थिनरने भरलेल्या लॅकरचे दिवस भरले. मुख्य बदल मात्र मेटॅलिक रंगामुळे झाला. रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या घातल्या की गाडी झगमगते, पण ऊन-पावसात त्या उघड्या पडल्या की काळवंडतात. मग युरोप-जपानच्या कारखान्यांनी कामाची वाटणी केली. खाली रंगाचा पातळ थर, त्याने फक्त रंग दाखवायचा. वर बिनरंगी थर, त्याने ऊन, पाऊस, ओरखडे सोसायचे. हाच आपला क्लिअर कोट. १९८० च्या दशकात तो अमेरिकेतही रुळला.

हा क्लिअर कोट किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस याहून जाड. शिवाय त्यात अतिनील किरण अडवणारी रसायनं असतात, आणि तो थर झिजला की खालच्या रंगाला छत्री उरत नाही. वडिलांची रविवारची सवय मुलाने या थरावर चालवली तर काय होईल? फडकं स्वच्छच राहणार, कारण थर बिनरंगी. काही निघतंय हे कळतच नाही. आणि एक दिवस टपाचा क्लिअर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. फडक्याला रंग लागतोय का, एवढी एक खूण लक्षात ठेवा: लागला तर रंग एकाच थराचा, नाही लागला तर वर क्लिअर आहे, हात आवरा.

क्लिअर कोटलाही अजेय समजू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या जॅकसनव्हिल बंदरावर नव्याकोऱ्या गाड्या उघड्यावर उभ्या असत. त्यांच्यावर पाण्याच्या थेंबासारखे खोल डाग पडू लागले, पुसून न जाणारे. हवेतलं आम्ल, दमटपणा आणि तापलेला पत्रा, तिघांनी मिळून केलेलं काम होतं ते. त्या काळच्या क्लिअरमधले रासायनिक बंध आम्लाने तुटत होते. त्यातून आम्ल सोसणारे नवे क्लिअर आले, आणि रंग कंपन्या आपले नमुने मुद्दाम जॅकसनव्हिलच्या उन्हाळ्यात ठेवून तपासू लागल्या. पक्ष्याची शिट, चिंचेखालचा चीक, बोअरच्या पाण्याचे क्षार, बांधकामाच्या सिमेंटची धूळ, ही आपली घरोघरची जॅकसनव्हिलं.

आता येऊ आमच्या बॉनेटकडे. आज गॅरेजमध्ये मारला जाणारा क्लिअर बहुतेक पॉलियुरेथेन जातीचा असतो. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली काढलं. पेंटर डब्यातल्या क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतो, आणि दोन्हींची विक्रिया होऊन थर जुळतो. कारखान्यात बॉडी सुमारे १४० अंशांवर वीस-तीस मिनिटं भाजली जाते. तिथे वायरिंग नाही, डॅशबोर्ड नाही, टाकीत पेट्रोल नाही. गॅरेजमध्ये अख्खी गाडी असते, म्हणून बूथचं तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवतात. ज्या गॅरेजला बूथच नाही तिथे नुसतं ऊन. मग उरलेली विक्रिया आणि आत अडकलेला थिनर यांचं काम पुढचे कित्येक दिवस, आठवडे चालू राहतं, तुमच्या दारात. बग्गीच्या काळातली ती वाट पाहणं कारखान्यांनी स्वतःपुरतं भट्टीत जाळून टाकलं. गॅरेजच्या रंगासाठी ते मालकाच्या गळ्यात तसंच राहिलं, फक्त त्याला कोणी सांगितलं नाही. किंवा आमच्यासारख्याला सांगितलं तरी त्याने ऐकलं नाही.

म्हणून दोन गोष्टींची गल्लत करू नका. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीला वॅक्स लावायला महिना थांबायचं कारण नाही, तिचा रंग भट्टीतून पक्का होऊनच आलाय. थांबायचं ते गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागासाठी. किती? तीस दिवस असं साधारण सांगतात, काही रंगांना साठ किंवा नव्वद. डब्यावरच्या कंपनीची सूचना काय आहे ते पेंटरला विचारा, तोच खरा आकडा. तोवर वॅक्स नाही, सिरॅमिक कोटिंग नाही, चिकटपट्टी नाही, ब्रशवाला कार वॉश नाही, आणि कव्हर तर नाहीच. पहिला आठवडा शक्यतो पाणीही नको. मग साधं गार पाणी, सौम्य शॅम्पू, मऊ फडकं, सावलीत. पक्ष्याने शिट टाकली तर मात्र थांबू नका, भरपूर पाण्याने भिजवून लगेच उचला, घासू नका. धुळीचे कण बसले म्हणून पेंटर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः पॉलिश मारतो ते वेगळं, त्याला रंगाची नाडी कळते.

आणि शेवटी त्या पेंटरबद्दल, कारण रंगाच्या इतिहासात तो कुठेच नसतो. हार्डनरमध्ये असतं आयसोसायनेट. भोपाळमुळे १९८४ नंतर हा शब्द आपल्या कानावर आहे. तिथला वायू वेगळा होता, पण कुळ एकच. फवारताना हे आयसोसायनेट श्वासातून आत गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की नंतर अगदी थोडा वासही पुरतो. त्या माणसाचा धंदाच सुटतो. ब्रिटनमध्ये धंद्यामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत हे मोजलं जातं. तिथे पेंटरला नळीने बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा देतात. आम्ही ज्या गॅरेजात गेलो तिथे पेंटरने नाकावर रुमाल बांधला होता. दसऱ्याला गाडी हवीच म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो होतो, तेव्हा रात्री शटर अर्धं ओढून, पंखा बंद ठेवून तो काम करत होता, कारण पंख्याने धूळ बसते. रुमालाने हे थांबत नाही, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. परवा बॉनेट दाखवायला पुन्हा गेलो. स्वस्तिकाकडे बघून तो हसला आणि म्हणाला, वरचा क्लिअर काढून पुन्हा मारावा लागेल. आम्ही म्हटलं राहू दे. मुखवट्याचं मात्र विचारलं. मालकाशी बोलणं चालू आहे.