रंग, रोजगार आणि शहर : फिलाडेल्फियाचा दाखला

वेतनातली विषमता म्हटलं की आपल्यासमोर एक चित्र येतं : दोघं शेजारी शेजारी तेच काम करतात आणि एकाला पगार कमी. असं घडतंच. पण मोठ्या शहरांचा इतिहास पाहताना पगारपत्रकाच्या आधी कामाच्या दाराकडे पाहावं लागतं.

फिलाडेल्फिया घेऊ. १८९६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस हा तरुण कृष्णवर्णीय विद्वान तिथल्या सातव्या वॉर्डात राहायला गेला आणि घरोघर फिरून त्याने माहिती गोळा केली. १८९९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यात दिसतं काय? बहुसंख्य काळी माणसं घरकामात आणि हमालीत. हातात कसब असलेल्यांना कारागिरांच्या संघटना दार उघडत नसत. आता बघा, दहा कामं बंद केली की सगळी गर्दी उरलेल्या दोन कामांत होते आणि तिथली मजुरी आपोआप पडते. वर घरभाडं मात्र जास्तच मोजायचं! 'यांची कुवतच नाही' असं शहर म्हणे. डुबॉईसने बोट ठेवलं ते परिस्थितीवर.

पुढे त्याच शहरात, ऑगस्ट १९४४ मध्ये, आठ काळ्या कामगारांना ट्राम चालवण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. तोवर त्यांना ट्राम धुण्याची, रूळ दुरुस्तीची कामं मिळत. केवळ एवढ्यावरून गोऱ्या कामगारांनी संप केला. महायुद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना शहरात सैन्य धाडावं लागलं. आठवड्याभरात संप मोडला आणि पुढे काळे चालक ट्रामवर चढले.

आपल्याकडे रंगाऐवजी जात होती. मुंबईच्या गिरण्यांत चांगली मजुरी विणाई खात्यात. तिथे धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना ते खातं बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. दोन्हीकडे दार अडवण्यात मालकाइतकाच सोबतचा कामगारही होता, ही गोष्ट आपल्याला टाळता येत नाही.

'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व योग्यच आहे. पण काम सर्वांना खुलं आहे, असं ते गृहीत धरतं. म्हणून कोणत्याही शहराची सरासरी मजुरी वाचताना आपण आधी विचारायला हवं : कोणत्या खात्यात कोणाला उभं राहू दिलं जातं?