ब्रह्मकमळाचे माहेर

आपल्या नांदगाव पेठेत कोणाच्या ओसरीवर ब्रह्मकमळ उमलणार असले, की रात्री शेजारणी हळदकुंकू घेऊन जमतात. फूल हिमालयातले, शंकराचे, असे आपण समजतो. पण भगिनींनो, हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. ते उंच थंड डोंगरावर जमिनीत उगवते. २००० साली वेगळ्या झालेल्या उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतले झाड जातीने निवडुंग असून त्याचे माहेर सातासमुद्रापलीकडे, मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील देशांत आहे.

१८२८ साली स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८२९ साली इंग्लंडचे हॉवर्थ यांनी त्याला एपिफायलम ऑक्सिपेटॅलम हे आजचे शास्त्रीय नाव दिले. पुढे ते देशोदेशी गेले आणि काही ठिकाणी लोकांनी त्याला आपल्या धर्मातले नाव दिले. चीनमध्ये त्याला ‘तान्हुआ’ म्हणतात. हे नाव बौद्ध ग्रंथांतील उदुंबराच्या फुलावरून आले. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, तेच हे!

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, माहेर ठाऊक नसल्याने पुष्कळ घरी हे झाड मरते. निवडुंग म्हणून कोणी ते वैशाखाच्या उन्हात ठेवते. देवाचे म्हणून कोणी तुळशीसारखे रोज तांब्याभर पाणी घालते. माहेरी ते रानातल्या मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, कुजलेल्या पाल्यावर, सावलीत वाढते. पाऊस पडतो, पण पाणी मुळाशी साचत नाही.

म्हणून कुंडी घरात उजेडाच्या खिडकीशी ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन चालते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या झळा चालत नाहीत. कुंडीला खाली भोक असावे. तळाशी विटांचे तुकडे, वर माती, वाळू व कुजलेले शेणखत घालावे. वरची माती सुकली म्हणजेच पाणी द्यावे. हिवाळ्यात त्याहून कमी. नवे झाड करण्यास पान कापून पाच-सहा दिवस सावलीत सुकवावे, मग लावावे. ज्याला आपण पान म्हणतो ती खरे तर चपटी फांदी. म्हणूनच तिच्यातून कळी निघते. फुलासाठी दोन-तीन वर्षे धीर धरावा.

हिमालयातले नाही म्हणून पूजा थांबवावी, असे मला वाटत नाही. दूरच्या गावाहून आलेल्या सुनेचे आपण कौतुक करतोच. तिच्या सवयी तेवढ्या विचारून घ्याव्या. ज्यांना पान हवे असेल त्यांनी पावसाळ्यात माझ्याकडून न्यावे. विकत घेऊ नये.