पदावलीतील क्रियांचा क्रम

पदावलीतील क्रियांचा क्रम म्हणजे एखाद्या पदावलीत एकाहून अधिक क्रिया आल्या असता त्यांपैकी कोणती आधी व कोणती नंतर करावयाची, हे ठरविणारा गणितातील संकेत होय. २ + ३ × ४ ही पदावली डावीकडून उजवीकडे सोडविल्यास २० हे उत्तर येते. गुणाकार आधी केल्यास १४ येते. दोन्ही रीतींत बेरीज वा गुणाकार चुकलेला नसतो. तरीही १४ हेच उत्तर ग्राह्य धरले जाते, कारण गुणाकार बेरजेच्या आधी करावा असा संकेत रूढ आहे. मराठी शाळांत हा क्रम ‘कंचेभागुबेव’ या सूत्राने शिकविला जातो.

क्रम

प्रथम कंसातील क्रिया, त्यातही सर्वांत आतील कंस आधी. त्यानंतर घात व मुळे, मग गुणाकार व भागाकार आणि शेवटी बेरीज व वजाबाकी. गुणाकार व भागाकार यांचा दर्जा समान असून ते डावीकडून उजवीकडे, जसे येतील तसे केले जातात. बेरीज व वजाबाकी यांचेही तसेच. उदाहरणार्थ,

१८ − २ × (५ − २)² + ६ ÷ ३ × २
= १८ − २ × ९ + ६ ÷ ३ × २
= १८ − १८ + ४
= ४

अपूर्णांकाची आडवी रेघ आणि वर्गमूळ चिन्हाची वरची रेघ या दोन्ही कंसाचेच काम करतात. म्हणून तेथे वेगळा कंस लिहावा लागत नाही. घातावर घात असल्यास मात्र वरून खाली यावे लागते. २ चा घात ३ व त्या ३ चा घात २ असेल, तर ती संख्या २⁹ म्हणजे ५१२ होते, ६४ नव्हे. वजा चिन्हापेक्षा घात आधी घेतला जात असल्यामुळे −३² ची किंमत −९ असते, तर (−३)² ची ९.

गुणाकाराला अग्रक्रम का

हा निसर्गनियम नाही. वेगळा क्रम ठरविला असता तरी गणित तर्कशुद्धच राहिले असते. पण आजचा क्रम सोयीचा आहे, यात शंका नाही. १० रुपयांची ३ पेने व ४० रुपयांच्या ५ वह्या घेतल्यास बिल ३ × १० + ५ × ४० असे मांडले जाते आणि ते २३० रुपये होते. दशमान पद्धतीतील प्रत्येक संख्याही याच घडणीची असते : ३५२ म्हणजे ३ × १०० + ५ × १० + २. वितरण गुणधर्मानुसार कंसातील बेरजेला गुणले असता गुणाकारांची बेरीज मिळते. त्यामुळे कोणतीही बहुपदी, गुणाकाराला अग्रक्रम दिला की, एकही कंस न वापरता लिहिता येते. क्रम उलटा असता तर बीजगणिताची पाने कंसांनी भरून गेली असती.

कंचेभागुबेव

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांची आद्याक्षरे जुळवून हे सूत्र तयार झाले आहे. ते पाठ होण्यास सोपे, परंतु अक्षरशः घेतल्यास फसविणारे आहे. त्यात घातांना अक्षरच नाही. ते कंसानंतर लगेच घ्यावयाचे, हे वेगळे सांगावे लागते.

अक्षरांच्या क्रमामुळे भागाकार नेहमी गुणाकाराच्या आधी आणि बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी करावी, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. या दोन समजांचे परिणाम सारखे नाहीत, हे सहसा लक्षात येत नाही. भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही : १२ × ६ ÷ ३ कोणत्याही क्रमाने २४ च येते, फार तर मध्येच अपूर्णांक उद्भवतात. बेरीज आधी केल्यास मात्र उत्तर चुकते. २० − ८ + ५ याचे उत्तर १७ आहे. ८ व ५ यांची बेरीज आधी करणाऱ्यास ७ मिळते. वरील उदाहरणाच्या शेवटच्या पायरीवर हीच चूक केल्यास ४ ऐवजी −४ येईल. यावर खात्रीचा उपाय म्हणजे चिन्ह त्या संख्येचेच मानणे. २० + (−८) + ५ असे लिहिले की बेरीज कोणत्याही क्रमाने करता येते.

अमेरिकेतील शाळांत रूढ असलेल्या ‘पेमडास’ या सूत्रात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. ते सूत्र शब्दशः पाळणारा विद्यार्थी २४ ÷ ४ × २ चे उत्तर १२ ऐवजी ३ काढतो. आपल्या सूत्राचा तेवढा भाग अधिक सुरक्षित म्हणावा लागेल.

‘चे’ ही क्रिया गुणाकारच आहे, पण ती भागाकाराच्या आधी होते. २४ ÷ ६ चे १/३ यात ‘६ चे १/३’ म्हणजे २ हे आधी काढून उत्तर १२ येते. ‘चे’च्या जागी गुणाकाराचे चिन्ह लिहिल्यास उत्तर ४/३ होते.

इतिहास

हा क्रम कोणा एका गणितज्ञाने ठरविलेला नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) गणिते पद्यात आहेत, कशानंतर काय करावयाचे हे तेथे वाक्यच सांगते, त्यामुळे असा प्रश्न उद्भवत नाही. चिन्हांचे लेखन युरोपात रुळल्यावर तो उभा राहिला. कंस १६ व्या शतकात वापरात आले. विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ मध्ये × हे चिन्ह वापरले, रने देकार्त यांच्या १६३७ मधील ग्रंथाने घातांकांची आजची मांडणी रूढ केली आणि योहान रान यांच्या १६५९ मधील ग्रंथात भागाकारासाठी ÷ आले. × व ÷ एकाच पदात आल्यास कोणते आधी घ्यावे याबाबत एकमत नसल्याची नोंद फ्लोरियन काजोरी यांनी गणिती चिन्हांच्या इतिहासात १९२८ मध्येही केली होती.

संदिग्ध पदावल्या

८ ÷ २(२ + २) ही पदावली २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर मोठ्या वादाचा विषय झाली. डावीकडून उजवीकडे गेल्यास तिचे उत्तर १६ येते. चिन्ह न लिहिता केलेला गुणाकार ‘चे’प्रमाणे अधिक घट्ट बांधलेला मानल्यास १ येते. दुसरा अर्थ अडाणीपणाचा नव्हे : १/२क असे लिहिणाऱ्या अनेकांच्या मनात २क हा संपूर्ण छेदच असतो. दोष येथे सोडविणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे. आयएसओ ८०००० या आंतरराष्ट्रीय मानकमालेत भागाकारासाठी ÷ वापरू नये असे म्हटले असून, तिरक्या रेघेनंतर त्याच ओळीत गुणाकार वा भागाकार आल्यास कंस घालण्यास सांगितले आहे.

गणकयंत्रे व संगणक

साधी गणकयंत्रे प्रत्येक क्रिया दाबताक्षणी करीत असल्यामुळे २ + ३ × ४ चे उत्तर २० दाखवितात. वैज्ञानिक गणकयंत्रे १४ दाखवितात. बहुतेक संगणकभाषा गणितातील क्रमच पाळतात, परंतु एपीएल ही भाषा सर्व क्रिया उजवीकडून डावीकडे करते. एक्सेलमध्ये −३^२ चे उत्तर ९ येते, तर पायथन या भाषेत −३**२ ही पदावली −९ देते. एक्सेलमध्ये ६०, ७० व ८० या गुणांची सरासरी काढताना ६० + ७० + ८० / ३ असे लिहिल्यास ७० ऐवजी सुमारे १५६.६७ येते, कंस विसरल्याची सूचना यंत्र देत नाही.

क्रमाची गरजच उरू नये अशीही एक लेखनपद्धती आहे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान लुकासिएविच यांनी १९२४ मध्ये क्रियाचिन्ह संख्यांच्या आधी लिहिण्याची रीत सुचविली. तीत २ + ३ × ४ हे + २ × ३ ४ असे, तर (२ + ३) × ४ हे × + २ ३ ४ असे लिहिले जाते. हिच्या उलट, चिन्ह शेवटी देण्याची पद्धत १९७२ च्या एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या वैज्ञानिक गणकयंत्रात वापरली होती. त्यावर बरोबरीच्या चिन्हाची कळच नव्हती.