पाहणी : तलाठ्याची, नमुन्याची आणि यंत्राची

‘पाहणी’ हा मराठी महसुली भाषेतील जुना शब्द. तलाठ्याने बांधावर उभे राहून पीक डोळ्यांनी पाहावयाचे आणि दप्तरी नोंदवावयाचे, एवढाच त्याचा साधा आशय. पुढे शासनव्यवहारात ‘सर्वेक्षण’ रूढ झाले. परंतु पेण-रोह्याकडील शेतकऱ्याच्या तोंडी अद्याप ‘पाहणी’च आहे.

ह्या पाहणीला देशव्यापी रूप लाभले त्या घडामोडींशी रोह्याचा निकटचा संबंध आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते गावी झाला; बालपणाचा काही काळ रोह्यास गेला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही १९४५ ते १९६४ त्यांच्याकडे होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती ह्या दोघांच्या सहकार्याने. घरोघर जाणे अशक्य, म्हणून मोजकी खेडी यदृच्छेने निवडावयाची व त्यांवरून सर्व देशाचे अनुमान बांधावयाचे, अशी ही रीत. पहिल्या फेरीत १,८३३ खेडी होती.

तिचे सामर्थ्य लवकरच प्रत्ययास आले. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांची पतपाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, बाकी बहुतेक सावकाराचे, असे तीतून दिसले. १९५४ च्या अहवालातील शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले. सहाशे खेड्यांच्या आकड्यांनी एवढे घडविले, ही गोष्ट लहान नव्हे.

आज निवड करण्याची गरजच उरली नाही, असे मानले जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली असून खातेदार आपल्या पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून स्वतःच नोंदवितो. माहितीचा हा संचय पूर्वीच्या कोणत्याही पाहणीहून विशाल आहे. पीकविमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी यांना त्याचा आधार मिळतो. मात्र एक फरक सहसा लक्षात घेतला जात नाही. नमुना पाहणीत भूमिहीनाचे घरही निवडले जाण्याचा संभव होता. नव्या पाहणीचा आरंभ सातबाऱ्यापासून होतो. पेण-रोह्याच्या वाड्यांवरील एखादा कातकरी दुसऱ्याच्या शेतात वाट्याने भात लावीत असेल, तर ते भात मालकाच्या खाती नोंदले जाते.