व्हिक्टोरिया-युगांतील हौशी निसर्गमंडळें

निसर्गविज्ञानाचा इतिहास म्हटला कीं डार्विन, हक्स्ले यांच्यासारख्या थोरांचीं नांवें डोळ्यांपुढें येतात. परंतु एकोणिसाव्या शतकांतील ब्रिटनमध्यें या शास्त्राचा भार वाहणारीं सामान्य माणसेंही पुष्कळ होतीं. त्यांत वैद्य व धर्मोपदेशक होते, तसेच विणकर आणि चांभारही होते. रानोमाळ हिंडावें, वनस्पति, किडे, शिंपले गोळा करावे आणि मिळालेलें ज्ञान एकमेकांस सांगावें, एवढ्यासाठीं त्यांनीं गांवोगांवीं मंडळें काढलीं.

या मंडळांना वळण लावलें तें बर्विकशायरच्या क्लबानें. बर्विक येथील डॉक्टर जॉर्ज जॉन्स्टन यांनीं तो १८३१ सालीं, म्हणजे राणी गादीवर येण्यापूर्वीं सहा वर्षें, स्थापिला. त्याला स्वतःचें संग्रहालय नव्हतें. सभा भरे ती दर खेपेस निराळ्या ठिकाणीं. सकाळीं न्याहारी, मग डोंगर, ओढे, समुद्रकिनारा अशी पायपीट आणि शेवटीं एकत्र भोजन, असा तिचा क्रम असे. जॉन्स्टन यांच्या सागरी प्राण्यांवरील ग्रंथांसाठीं चित्रें काढलीं तीं त्यांच्या पत्नी कॅथरिन यांनीं. पुढें १८४६ सालीं टाइनसाइड व कॉट्सवोल्ड येथें आणि १८५१ सालीं हेरेफर्ड येथें अशींच मंडळें निघालीं.

लँकेशायरमधील मंडळांची तऱ्हा मात्र वेगळी होती. तेथील कारागीर रविवारीं गुत्त्यांत जमत. कारण कामकऱ्याला सवड त्याच दिवशीं, आणि बसावयास जागाही तीच. प्रत्येकानें थोडी वर्गणी द्यावी, तींतून ग्रंथ घ्यावे आणि ते गुत्त्यांतच ठेवावे, असा रिवाज होता. आणलेल्या वनस्पति मेजावर मांडल्या जात आणि अध्यक्ष त्यांचीं लॅटिन नांवें मोठ्यानें सांगे. प्रेस्टविच येथील असा एक अध्यक्ष म्हणजे जॉन हॉर्सफील्ड. हा हातमागावरील विणकर. लिनीयसनें केलेले वनस्पतींचे चोवीस वर्ग कागदावर लिहून तो कागद त्यानें मागाच्या खांबाला लावला आणि विणतां विणतां ते पाठ केले! रिचर्ड बक्स्टन हा चांभार तर वाचावयास शिकला तोच तरुण वयांत; तरी १८४९ सालीं त्यानें मँचेस्टरच्या परिसरांतील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आगगाडीनें रान व समुद्र शहराजवळ आणले आणि ही हौस घरोघर शिरली. पण तीच निसर्गाच्या मुळावर उठली. दिवाणखाने शोभविण्यासाठीं नेचे मुळासकट उपटले जाऊं लागले. या वेडाला चार्लस् किंग्स्ले यानें १८५५ सालीं खास नांवच दिलें. फिलिप गॉस याच्या ग्रंथांनीं समुद्रजीवांची गोडी लावली. परंतु त्याच ग्रंथांमुळें आलेल्या संग्राहकांनीं डेव्हनचा किनारा कसा ओरबाडला, हें पुढें त्याच्या मुलानेंच खेदानें लिहून ठेविलें.

ज्यांना निसर्ग ओळखतां आला त्यांनाच त्याची हानिही प्रथम दिसली. फ्लॅम्बरोच्या कड्यांवर चाललेली समुद्रपक्ष्यांची कत्तल पाहून यॉर्कशायरमधील पक्षिप्रेमींनीं व धर्मोपदेशकांनीं चळवळ केली आणि १८६९ सालीं समुद्रपक्षिसंरक्षणाचा कायदा झाला. टोप्यांवरील पिसांच्या हौसेविरुद्ध एमिली विल्यम्सन या बाईंनीं १८८९ सालीं मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथें स्त्रियांची संस्था काढली. पक्षिरक्षणाच्या मोठ्या कार्याचा तो एक उगम होय.

या वाऱ्याची झुळूक मुंबईलाही लागली. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे महाराष्ट्रीय होते.

त्या हौशी मंडळींच्या संग्रहांपैकीं कित्येक आज धूळ खात आहेत; पण कोणतें फूल कोठें उमललें, कोणता पक्षी केव्हां दिसला, याच्या त्यांनीं केलेल्या नोंदी टिकल्या आहेत. गेल्या दीडशें वर्षांत काय नाहींसें झालें, हें आजच्या शास्त्रज्ञाला कळतें तें पुष्कळदां त्यांच्याच आधारें.