जबड्याचा सांधा : वयाचा पुरावा आणि जोर्वे संस्कृती

ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांच्या १९५०-५१ मधील नाशिक व जोर्वे येथील उत्खननाने जोर्वे संस्कृतीच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या बालकांच्या व प्रौढांच्या अस्थी मिळाल्या. अशा अस्थींचे वय ठरविताना दातांबरोबर जबड्याचा सांधाही साक्ष देतो.

जन्मतः या सांध्याचा कवटीकडील उंचवटा जवळजवळ सपाट असतो. दुधाचे दात येऊ लागताच तो आकार घेतो. खालच्या जबड्याच्या अस्थिशीर्षावरील बालपणीची जाड कूर्चा पुढे पातळ होते व विशीच्या सुमारास तिच्याखाली घट्ट अस्थिस्तर पूर्ण होतो. उतारवयात अस्थिशीर्ष चपटे होते, कडेला अस्थिवृद्धी दिसते. मात्र कूर्चा मातीत टिकत नाही; शिवाय भरड अन्न चावण्याचा ताण व दात गळणे यांमुळेही असेच बदल संभवतात.

तात्पर्य, झिजलेला सांधा म्हणजे वार्धक्य असे गृहीत धरल्यास कष्टकरी तरुणाची गणना वृद्धांत होईल आणि ताम्रपाषाणयुगीन समाजाच्या आयुर्मानाचे चित्रच बदलेल. सांध्यातील झीज ही वयाइतकीच श्रमाची व आहाराचीही नोंद मानणे इतिहासाच्या अभ्यासकास अगत्याचे ठरते.